पॅडिंगवर जीपीयू जाळू नका

पणजीत बसून भाड्याच्या एकाच जीपीयूवर मराठी मॉडेल फाइन-ट्यून करायचं, म्हणजे तयार मॉडेलला आपल्या नमुन्यांवर आणखी शिकवायचं, तर पॅडिंगची (लहान नमुन्यांमागे भरलेल्या रिकाम्या जागांची) उधळपट्टी परवडत नाही. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळेचा प्रश्न थोडक्यात आटपतो, विधानसभेतलं भाषण हजारो टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) खातं.

समजा एका ओळीची मर्यादा २०४८ टोकन आणि नमुने १५००, ९००, ७००, ५००, ३००, १४८ टोकनांचे. प्रत्येकाला वेगळी ओळ दिली तर १२,२८८ जागांपैकी ४,०४८च कामाच्या. त्याऐवजी उतरत्या क्रमाने घ्या आणि जिथे पहिल्यांदा मावेल त्या ओळीत टाका: १५००+५०० आणि ९००+७००+३००+१४८. दोन ओळी, रिकाम्या जागा फक्त ४८.

खरी गोम पुढे आहे. नमुने नुसते चिकटवले तर दुसऱ्याचं अटेन्शन पहिल्यावर जातं, म्हणजे त्याचे टोकन परक्या नमुन्याकडेही बघतात, आणि लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) तरीही उतरत राहतो, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. फ्लॅशअटेन्शन या अटेन्शन वेगाने मोजणाऱ्या लायब्ररीच्या व्हेरिएबल-लेंग्थ फंक्शनला नमुन्यांच्या सीमा द्याव्याच लागतात; दुसऱ्या ओळीसाठी ०, ९००, १६००, १९००, २०४८. पोझिशन आयडी (टोकनाचा क्रमांक) प्रत्येक सीमेवर पुन्हा ०पासून. प्रत्येक नमुन्याच्या पहिल्या टोकनाचं लेबल (अपेक्षित उत्तर) -१०० करा, म्हणजे ते लॉसमध्ये धरलं जात नाही; नाहीतर आधीच्या नमुन्याचं शेवटचं टोकन परक्याची सुरुवात ओळखायला शिकतं.

बॅच साइज तीच ठेवली तर एका स्टेपमध्ये जास्त नमुने जातात आणि एकूण स्टेप्स घटतात. म्हणून लर्निंग रेट (दर स्टेपला मॉडेल किती बदलायचं) आणि वॉर्मअप (सुरुवातीला तो रेट हळूहळू वाढवण्याच्या स्टेप्स) नव्याने ठरवा.