पूल खेळताना निशाण्याच्या आधी पाय पाहा

आमच्या तालुक्याच्या गावात बस स्टँडच्या मागं दोन टेबलांचा एक पूल क्लब आहे, पूल म्हणजे स्टिकनं पांढरा बॉल मारून त्यानं दुसरे बॉल टेबलाच्या भोकात पाडायचा खेळ; कापसाचे चुकारे झाले की संध्याकाळी तिथं उभं राहायलाही जागा भेटत नाही. पोट्टे खेळतात, मी पाहत बसतो आणि एक वाक्य दर पाच मिनिटांनी ऐकू येते, "अबे निशाणा तं बरोबर होता!" मला यावर खरंच मनापासून सांगायचं आहे की हो, बहुतेक वेळा निशाणा बरोबरच असते. डोळ्यानं पाहिलेली लाईन बरोबर असते पण स्टिक त्या लाईनीवर जात नाही, कारण पाय, खांदा, कोपर आणि मूठ यातलं काहीतरी मधात हालते. मंग पोट्टे महिनोन् महिने निशाणाच सुधारत बसतात आणि गाडी तिथंच अडकून राहते.

किती बारीक काम आहे ते पाहा. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे ५७ मिमीच्या जरासा वर. पांढरा बॉल नुसत्या एका अंशानं वाकडा गेला तरी तीन फुटावर तो जवळपास १६ मिमी बाजूला पोचते, म्हणजे बॉलच्या पाव भागाहूनही जास्त. लांबचा बॉल भोकात पाडणं तिथंच गेलं. आणि एक अंश म्हणजे काय, मूठ जराशी आवळली तरी तेवढं होऊन जाते.

म्हणून सुरुवात उभं राहण्यापासून. बरेच जण आधी टेबलावर वाकतात आणि मंग वाकल्या वाकल्या लाईन शोधतात, कंबर इकडं सरकव, खांदा तिकडं सरकव. असं नका करू. लाईन उभ्यानं, बॉलच्या मागं दोन पावलं थांबून पाहायची. उजव्या हाताचा खेळणारा असेल तर उजवा पाय त्या लाईनीवर टेकवायचा, डावा पाय खांद्याएवढं अंतर ठेवून थोडा पुढं आणि बाहेर, आणि मंग सरळ लाईनीवरच खाली यायचं. खाली आल्यावर काहीतरी वाकडं वाटून राहिलं तर तिथंच ॲडजस्ट न करता उठायचं आणि पुन्हा यायचं. सोबतचे "लवकर मार ना" म्हणून ओरडले तर ओरडू द्या. डावा गुडघा थोडा वाकलेला, वजन दोन्ही पायांवर, आणि कंबर इतकी बाजूला की स्टिक मागं-पुढं होताना पोटाला, शर्टाला कुठंच घासायला नको. कोणी हलकेच धक्का दिला तरी हाललं नाही पाहिजे इतकं पक्कं.

आपल्याइकडचे बरेच जण स्नूकर पाहून शिकलेले, त्यामुळं हनुवटी स्टिकला टेकवून एकदम समोरासमोर उभं राहतात. स्नूकर तसं आपल्या शेजारचंच म्हणा, १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्यानं तो खेळ सुरू केला असं मानलं जाते. तो स्टान्स, म्हणजे तशी उभं राहायची पद्धत, पूललाही चालते, फक्त मान दुखत असेल तर थोडं वर आणि थोडं तिरपं उभं राहा, काही बिघडत नाही. हनुवटीच्या बरोबर मधातूनच स्टिक गेली पाहिजे हाही नियम नाही. जो डेव्हिस, ज्यानं १९२७ पासून १९४६ पर्यंत स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप १५ वेळा जिंकली, त्याचा उजवा डोळा कमजोर होता, तो स्टिक डाव्या डोळ्याखाली धरून खेळायचा. तुम्हाला कुठं ठेवली की लाईन सरळ दिसते ते शोधा आणि दर वेळी तिथंच ठेवा, एवढंच.

आता हात, आणि मला विचाराल तं सगळा खेळ इथंच आहे. कोपर जागेवर राहिलं पाहिजे आणि कोपराच्या खालचा हात तेवढा हालला पाहिजे. टिप, म्हणजे स्टिकचं पुढचं टोक, बॉलला लागते त्या क्षणी कोपरापासून मुठीपर्यंतचा हात जमिनीकडं सरळ उभा पाहिजे, कारण त्याच जागी मूठ ना खाली जाऊन राहिली असते ना वर. मूठ फार मागं धरली तर बॉलला लागतानाही ती खालीच येत असते, मंग ब्रिजवर, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या डाव्या हातावर, ठेवलेल्या स्टिकचं पुढचं टोक वर उचलते. म्हणूनच स्क्रू, म्हणजे पांढरा बॉल समोरच्याला लागून मागं परत यावा असा फटका, मारायला जातात आणि टिप मधोमध लागून पांढरा तिथंच थांबते. फार पुढं धरली की याच्या उलट, टिप खाली जाते. किती जणांचा स्क्रू नुसती मूठ चार बोटं सरकवून लागायला लागेल, करून तर पाहा.

परवा एका पोट्ट्याला जवळून पाहिलं. सराव स्ट्रोक एकदम मस्त, ढिल्ला हात, बोटं सैल. शेवटच्या स्ट्रोकला मात्र अंगठ्याचं नख पांढरं पडलं, मनगट आत वळलं, उजवा खांदा वर आला आणि बॉल लागायच्या आधीच डोकं उचललं. मी म्हटलं मोबाईल दे, मागून व्हिडिओ काढतो. पाहून म्हणते कसा, "भाऊ, हा मी आहो का?" मंग त्याला नुसतं सांगितलं की मागची दोन बोटं स्टिकवर फक्त ठेव, पकडू नको, आणि बॉल पडल्याचा आवाज येईपर्यंत उठू नको. फरक लगेच दिसला, मला सांगावंही लागलं नाही.

फॉलो थ्रूवरून, म्हणजे बॉलला लागल्यावरही स्टिक पुढं नेण्यावरून, क्लबात लय वाद होते. टिप आणि बॉल एकमेकाला लागून राहतात ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, त्यानंतर तुम्ही स्टिक कुठंही न्या, बॉलला काही फरक पडत नाही. मंग पुढं नेऊन फायदा काय? फायदा असा की जो हात बॉलच्या पुढं आरामात जाते तो बॉलजवळ येऊन घाबरून मंदावत नाही. मंदावलेला हात वाकडा जाते. मागं घेताना सावकाश, मागं गेल्यावर क्षणभर थांबायचं, आणि पुढं जाताना न आवळता. त्या थांबण्याच्या वेळी नजर पांढऱ्यावरून उचलून ज्याला मारायचं त्या बॉलवर. डवरा हाकताना बैलाच्या पायाकडं पाहत बसलं की तास वाकडं होते, धुऱ्याकडं पाहिलं की सरळ जाते, इथं तेच आहे.

डाव्या हाताचा ब्रिज टेबलावर दाबून ठेवा, तळहाताचा मागचा भाग टेकलेला, आणि साध्या शॉटला बॉलपासून आठ ते दहा इंच. जास्त लांब ब्रिज केला की चूक पण लांबते.

आणि हे सगळं जमलं की नाही ते कळायला कोणाला विचारायची गरज नाही. पांढरा बॉल एकटा ठेवा, बरोबर मधोमध मारा, समोरच्या गादीला लागून तो सरळ परत टिपवर आला पाहिजे. बाजूला आला म्हणजे तुम्ही नकळत साईड, म्हणजे बॉलला बाजूची फिरकी, देऊन राहिले. घरी टेबल नसेल तर काचेची रिकामी सोड्याची बाटली स्टुलावर आडवी ठेवा, आणि टिप कडेला न लागता तिच्या तोंडात आत-बाहेर करा, हळूहळू.

आपल्या गावातल्या क्लबात एक अडचण आहे ती वेगळी सांगतो. खोल्या अरुंद, भिंत जवळ, त्यामुळं पोट्टे स्टिकचं बूड वर उचलून मारतात. बूड वर असताना टिप बॉलच्या मधोमध न लागता थोडीही बाजूला लागली की बॉल रस्त्यातच वळते, सरळ मारणं भल्लं कठीण होते. तिथं जोर कमी करा, ब्रिज छोटा करा, आणि मूठ पुढं सरकवा. मोडकी स्टिक फेकून देण्यापेक्षा मालकाला सांगून मागून कापून, टिप बसवून एक छोटी स्टिक बनवून घ्या, भिंतीकडच्या शॉटसाठी सगळ्यांच्याच कामात येईल.