मे महिन्यात तळ बघा, दिवाळीनंतर गळ टाका

गळ टाकणाऱ्यांच्या गप्पा फिरून फिरून चाऱ्यावरच येतात. पेंडीत वेलची घालायची की बडीशेप, मध बरा की गूळ. चाऱ्याला महत्त्व आहेच, पण जिथे मासाच फिरकत नाही तिथे केशर घातलेला चाराही विरघळून वाया जातो. धरणावर आधी तळ कळायला हवा, आणि तो बघायची सोय धरणच दर उन्हाळ्यात फुकटात करून देतं.

उजनीचंच घ्या. पूर्ण भरलेल्या उजनीची पातळी ४९६.८३ मीटर. उपयुक्त साठा शून्यावर आला की ४९१.०३. म्हणजे पेपरात येणारा शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंतचा सगळा खेळ जेमतेम ५.८० मीटर उंचीचा आहे. जलाशय उथळ आणि पसरट, त्यामुळे पाणी एक हात उतरलं तरी काठ लांब सरकतो. धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे या शून्याच्याही खाली गेलं की पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. गळवाल्याने तेव्हाच जावं, फक्त देवळाबरोबर आजूबाजूची जमीनही बघून यावी. जुने बांध, ताली, नाल्यांचे काप, बुडालेले रस्ते, बाभळीची खुंटं, गाळपेरीची (पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेली) रानं हे सगळं तेव्हा उघड्यावर असतं.

इथे एक चूक बहुतेकांची होते. मे महिन्यात पाण्याच्या कडेला एखादा झकास नाला दिसतो, लोक त्याचा फोटो काढतात, फोनच्या नकाशावर खूण करतात. पण ऑक्टोबरात धरण भरल्यावर ती जागा काठापासून अर्धा-एक किलोमीटर आत आणि सहा मीटर पाण्याखाली असते. काठावरून फेक जाते तीस-चाळीस मीटर. तेव्हा उपयोगी जागा शोधायची ती पाण्याच्या कडेला नाही, वरच्या उतारावर.

त्यासाठी प्रत्येक जागेची उंची काढावी लागते. साधन म्हणाल तर फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरतं. जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजून ठेवा, समजा दीड मीटर. पाण्याच्या कडेला उभं राहून काठाच्या दिशेला अगदी सरळ आडवी नजर टाका. नजर जिथे जमिनीला टेकते ती जागा पाण्यापेक्षा दीड मीटर वर. तिथे दगड ठेवा, त्याच्या शेजारी उभे राहा, पुन्हा तेच. चार टप्प्यांत सहा मीटर चढून होतात. त्या दिवशीची पाणीपातळी जलसंपदा विभागाच्या रोजच्या आकड्यांत मिळते. ती ४९०.५० असेल तर दुसऱ्या दगडाची उंची झाली ४९३.५०. त्या उंचीवर नाल्याचा काप दिसला की वहीत लिहा: नाला, ४९३.५०, जवळची खूण अमुक विहीर किंवा तमुक चिंच.

आता दिवाळीनंतर पातळी ४९६.५० असेल तर त्या नाल्यावर तीन मीटर पाणी आहे हे घरबसल्या कळतं. फेब्रुवारीत पातळी ४९५ वर आली की तिथे दीडच मीटर उरतं, मग वहीतली ४९२ ची जागा धरायची. रोहू-मृगळसाठी काठावरून दोन ते साडेतीन मीटर पाणी चांगलं. मात्र ते पाणी काठापासून चाळीस मीटरच्या आत हवं. उजनीच्या सपाट रानात ते सहसा मिळत नाही, म्हणून नाल्याचा काप, रस्त्याचा भराव, खाणीचा खड्डा अशा जागांना मोल. दुसरी सोन्यासारखी जागा म्हणजे गाळपेर. उन्हाळ्यात पेरलेल्या रानातली धसकटं पावसाळ्यात पाण्याखाली कुजतात, त्यावर किडे-अळ्या होतात आणि मासे तिथे चरायला येतात. गाळपेरीचा बांध आणि नाला जिथे भेटतात ती जागा वहीत दोनदा अधोरेखित करा.

मे महिन्यात हे करताना दोन गोष्टी सांभाळा. वाळलेल्या गाळावर वरून भेगाळलेला कडक पापुद्रा असतो, खाली लोणी. पाय गेला की गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढताना चप्पल आतच राहते. हातात काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी टोचून बघा. दुसरं, वळवाचा वारा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. दुपारनंतर पश्चिमेला ढग काळे दिसले की पाण्यात नाव घालायची नाही, आणि कार्बनचा रॉड हातात धरून काठावर उभंही राहायचं नाही. तो विजेला आमंत्रण देतो.

प्रत्यक्ष गळ टाकताना पहिल्या दोन फेकी चाऱ्याशिवाय टाका, नुसतं तीस ग्रॅमचं शिसं बांधून. ते तळाला लागलं की हळू ओढा. गाळ असेल तर शिसं जड, चिकट येतं आणि वर आल्यावर काळं दिसतं. मुरूम असेल तर रॉडच्या टोकाला खरखर जाणवते, दगड असेल तर टकटक. मऊ, खोल गाळात चारा गाडला जातो, माशाला सापडत नाही. खरखर आणि चिकट यांची शीव सापडली की तिथेच बसा. फेक त्याच अंतरावर पडावी म्हणून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) रिळाच्या क्लिपला अडकवा किंवा रिळाशी रंगीत दोऱ्याची गाठ मारा. मासा लागल्यावर क्लिप सोडायला विसरलात तर तंगूस तुटलाच समजा.

सामान फार लागत नाही. नऊ-दहा फुटी रॉड, चार हजार साइजचं रीळ, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस. तो साधारण आठ किलोचा ताण घेतो, म्हणून ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, अडीच किलोवर सोडा. अंदाजाने नाही, तंगूसाला ताणकाटा अडकवून ओढून बघा. गाठीमुळे आणि घासल्यामुळे तंगूसाची ताकद घटते, शिवाय मासा झटका मारतो, म्हणून एवढी मोकळीक. गाठ मारताना तंगूस गळाच्या डोळ्यातून घालून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक पहिल्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा, थुंकी लावा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापून कमजोर होते, आणि नेमका मोठा मासा लागल्यावर सुटते. तंगूसाचं टोक कुरळं होऊन आलं तर गाठ सुटली, सपाट कापल्यासारखं आलं तर दगडाने किंवा शिंपल्याने घासलं.

बाजारात मिळणारी, चारा दाबून भरायची तारेची स्प्रिंग आणि तिला लोंबणारे पाच-सहा गळ हा प्रकार उजनीवर सर्रास दिसतो. मासे लागतात, हे खरं. पण एक गळ तोंडात आणि दोन गळ पोटाला किंवा कल्ल्याला रुततात, मासा सोडायचा म्हटला तरी जगत नाही, आणि कोळ्यांच्या जाळ्यात अडकलं तर सहाच्या सहा गळ जाळं फाडतात. दोन गळ ठेवा, सहा ते आठ सेंटिमीटरच्या दोरीवर, नंबर ४ किंवा ६ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). स्प्रिंग तंगूसावर घट्ट ठेवली तर तिच्या वजनाने मासा आपोआप अडकतो, त्यासाठी ती तीस ग्रॅमपेक्षा हलकी नको. साधं शिसं वापरत असाल तर उलट करा: भोकाचं शिसं मोकळं सरकतं ठेवा, खाली मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि मग गळापर्यंत चाळीस सेंटिमीटर दोरीचा पदर. माशाला वजन जाणवत नाही, पण झटका तुम्हाला द्यावा लागतो.

चाऱ्याचं माप एका रात्रीला दोन रॉडसाठी: शेंगदाण्याची पेंड १ किलो भरड दळून, गव्हाचा कोंडा ५०० ग्रॅम, भाजलेलं बेसन २५० ग्रॅम, मूठभर गूळ पाण्यात विरघळवून. पाणी एकदम ओतू नका. शिंपडा, कालवा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा शिंपडा. कोंडा पाणी सावकाश पितो, घाईने भिजवलेला चारा आधी कोरडा वाटतो आणि अर्ध्या तासाने चिखल होतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटावा. खात्री करायची तर बादलीत टाकून घड्याळ लावा. दहा ते पंधरा मिनिटांत गोळा ढासळायला हवा. तासभर तसाच राहिला तर तो चारा नाही, दगड आहे. फेकताना हवेतच फुटला तर थोडी कणीक वाढवा, फार नाही.

गळाला काय लावायचं हे चिलापी (तिलापिया मासा) ठरवते. कणकेचा मऊ गोळा चिलापी पाच मिनिटांत टोकरून संपवते आणि तुम्ही अर्धा तास रिकाम्या गळाची राखण करत बसता. हरभरा किंवा मका बारा तास भिजवून उकडा, नखाने दबेल पण फुटणार नाही इतपत. तो लहान तोंडाला जात नाही. चिलापीच हवी असेल, आणि भिगवणला जेवलेल्या कुणालाही ती हवी असते, तर नंबर ८ किंवा १० चा गळ, बोटभर गांडुळाचा तुकडा आणि फ्लोट, मीटरभर पाण्यात.

कटल्याची गोष्ट वेगळी. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, खाणं पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक शेवाळ आणि सूक्ष्म जीव. तळाला चारा टाकून कटल्याची वाट बघणं म्हणजे पंगत बसलीय वरच्या मजल्यावर आणि वाढपी तळघरात. फ्लोट लावून एक-दीड मीटरवर धरा, आणि चारा बारीक दळलेला, पाण्यात ढगासारखा पसरणारा ठेवा. उन्हाळ्यात दुपारचा पश्चिमेचा वारा वरचं पाणी पूर्वेच्या काठाकडे लोटतो, त्याबरोबर कटल्याचं खाणंही जातं. तोंडावर वारा घेऊन बसणं त्रासाचं आहे, पण कटला तिकडेच.

रॉड स्टँडला लावून ठेवताना ड्रॅग सैल सोडा. आवळलेल्या ड्रॅगचा रॉड पाच किलोचा रोहू स्टँडसकट पाण्यात नेतो. रॉडच्या टोकाला बांधलेल्या घुंगराचा बारीक किणकिणाट म्हणजे चिलापी, एकसंध ओढ म्हणजे रोहू. आणि ताणलेला तंगूस अचानक सैल पडला तर मासा गेला असं समजू नका. तो तुमच्या दिशेने येतोय, भराभर गुंडाळा.

मुक्कामाची जागा उजेडात ठरवा. पाण्यापासून किमान पंधरा मीटर लांब आणि दीड-दोन मीटर वर. काळ्या रानात तंबू ठोकायचा मोह टाळा: कोरड्या भेगाळ जमिनीत खुंट्या धरत नाहीत आणि एक सर पडली की गाडी तिथेच रुतते. मुरमाड चढ बरा. खुंट्या हात-दीड हात लांबीच्या न्या, नाहीतर रिकामी पोती माती भरून दोरीला बांधा आणि पुरा. उघड्या पाण्यावरचा रात्रीचा वारा स्वस्त तंबूच्या काड्या मोडतो. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला. दिवा तंबूपासून दहा पावलांवर टांगा, किडे तिकडे जमतील. सकाळी बूट उलटे आपटल्याशिवाय पाय घालू नका, फुरसं आणि विंचू दोन्ही या भागात आहेत. पाणी घरून न्या, माणशी पाच लिटर. पुण्याचं सांडपाणी याच धरणात येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, ते उकळूनही पिऊ नये.

सगळ्यांत मोठा धोका मात्र सापाचा नाही. उजनीच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी आणि त्यांच्या केबली पसरलेल्या असतात, ठिकठिकाणी जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळलेल्या. पाणी मागे सरलं की मोटार पुढे नेतात आणि केबल ओल्या मातीवर पडून राहते. मोटारीजवळ पाण्यात उतरू नका, अडकलेला गळ सोडवायला तर मुळीच नाही. वीज रात्री आठनंतर आली की दिवसभर निर्धोक वाटलेली जागा बदलते. तंगूस कापा, गळ वीस रुपयांचा आहे.

जाण्याआधी गावात विचारून घ्या की तिथल्या मासेमारीचा परवाना कुणाकडे आहे आणि गळ चालतो का. संध्याकाळी कोळी जाळी लावतात, थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की फेक दुसरीकडे. सकर मासा लागला तर फडक्याने धरा, काटे हात फाडतात. तो बाहेरून आलेला आहे, परत सोडू नका. पुरून टाका. मरळ पाण्यावर लालसर पिल्लांच्या घोळक्याभोवती फिरताना दिसली तर तिला मात्र हात लावू नका, आई-बाप उचलले की पिल्लं तासाभरात इतर माशांच्या पोटात जातात. पहिल्या पावसातले चढणीचे मासेही तसेच, गाभोळीने भरलेले. एक मासा म्हणजे लाखो अंडी.

परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, टेलिस्कोपिक रॉडचे सांधे सुटे करून पुसा, कारण रेतीचा एक कण सांधा कायमचा बसवतो. आणि वही उघडा. त्या दिवशीची पातळी, फेकीचं अंतर, किती वाजता काय लागलं ते जागेपुढे मांडा. जिथे शिसं दोनदा अडकलं तिथे 'खुंट?' असं लिहा आणि पुढच्या मे महिन्यात आधी तिकडेच जाऊन बघा.