पिकेट अव्हेन्यू, डेट्रॉईट : फोर्डच्या शेजारची ई-एम-एफ

डेट्रॉईटला कुणाकडे गेलं की पाहुण्यांना डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम हमखास दाखवतात. तिथे जाच. पण मोटारींच्या इतिहासाची मनापासून ओढ असेल, तर अर्धा दिवस पिकेट अव्हेन्यूसाठी राखून ठेवा. मी तिथे गेलो तो ई-एम-एफ या जुन्या मोटार कंपनीसाठी. १९०८ ते १९१२, एवढंच आयुष्य या नावाला लाभलं. तेवढ्यात त्याच कारखान्यांतल्या गाड्या विक्रीत फोर्डखालोखाल जाऊन पोचल्या होत्या.

जायला सोपं आहे. डाउनटाउनहून वुडवर्ड अव्हेन्यूवर क्यू-लाइन ही ट्राम धावते, मी गेलो तेव्हा तिला तिकीट नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅम स्ट्रीटच्या थांब्यावर उतरून पूर्वेकडे थोडं चाललं की पिकेट. अ‍ॅमट्रॅकचं स्टेशनही याच भागात आहे, त्यामुळे शिकागोहून रेल्वेने येणाऱ्यांना गाडीची गरज नाही. रस्ता बराचसा निर्मनुष्य असतो, दिवसाउजेडीच जा.

आधी फोर्डच्या जुन्या कारखान्याची इमारत बघून घ्या, आता तिथे संग्रहालय आहे. १९०४ साली बांधलेली, तीन मजली, विटांची, लांबच लांब आणि अरुंद. भिंतभर खिडक्या, कारण तेव्हा काम उजेडावर चालायचं. फोर्डची गाजलेली गाडी मॉडेल टी इथेच तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत आकाराला आली, ती खोली आता पुन्हा उभी केली आहे. गाईडबरोबरची फेरी चुकवू नका आणि तिची वेळ निघण्यापूर्वी वेबसाइटवर बघा. संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. डेट्रॉईटच्या इतर जुन्या कंपन्यांच्या गाड्याही इथे असतात, पण मांडणी बदलते. एखादी ठरावीक गाडीच बघायची असेल तर आधी विचारून जा.

गाईडला वॉल्टर फ्लँडर्सबद्दल जरूर विचारा. माझ्या मते या रस्त्यावरचा सर्वांत दुर्लक्षित माणूस तोच. यंत्रं विकत फिरणारा हा कारागीर १९०६ साली फोर्डकडे उत्पादनप्रमुख म्हणून आला. कामाच्या क्रमाने यंत्रं लावायची आणि सुट्या भागांच्या साठ्याचा भार पुरवठादारांवर टाकायचा, ही शिस्त त्याने इथे बसवली. १९०८ साली, मॉडेल टी बाजारात येण्याच्या काही महिने आधी, त्याने फोर्डची नोकरी सोडली आणि गेला कुठे, तर शेजारच्याच कारखान्यात! बॉडी बनवणारा बार्नी एव्हरिट, कॅडिलॅकच्या विक्रीत नाव कमावलेला विल्यम मेट्झगर आणि फ्लँडर्स, या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे ई-एम-एफ. ब्रश स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची वेन ही मोटार कंपनी त्यांनी घेतली, नॉर्दर्न नावाची दुसरीही घेतली.

त्यांची ‘ई-एम-एफ ३०’ चार सिलिंडरची, ३० अश्वशक्तीची, किंमत १,२५० डॉलर. गिअरबॉक्स मागच्या अ‍ॅक्सलपाशी. लोकांनी तिला ‘एव्हरी मॉर्निंग फिक्स-इट’ म्हणून चिडवलं, आणि आज बहुतेक ठिकाणी या कंपनीची ओळख त्या एका थट्टेवरच संपते. हे मला अन्यायाचं वाटतं. गाड्या हजारोंनी खपत होत्या. कंपनी गेली ती विक्रीच्या करारापायी. साउथ बेंडच्या स्टुडबेकरचा घोडागाड्यांचा व्यवसाय १८५२पासूनचा, त्यांच्याकडे देशभर विक्रेत्यांचं जाळं होतं. ई-एम-एफने विक्री त्यांच्यावर सोपवली. त्यावरून भागीदारांत बिनसलं, १९०९ साली एव्हरिट आणि मेट्झगर बाहेर पडले. मग फ्लँडर्सचंही स्टुडबेकरशी वाजलं, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १९१०मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनच्या पैशाच्या जोरावर स्टुडबेकरने कंपनीच विकत घेतली. ज्याच्या हातात गिऱ्हाईक, त्याच्या हातात कारखाना गेला. पुढे गाड्यांवरून ई-एम-एफ हे नावही उतरलं.

याच स्टुडबेकरने १९११ साली फोर्डची ही इमारतसुद्धा घेतली, कारण फोर्ड तोवर हायलँड पार्कच्या नव्या कारखान्यात गेला होता. म्हणजे आज आपण ‘फोर्डचा कारखाना’ म्हणून जी वास्तू बघतो, तिच्यात फोर्डपेक्षा स्टुडबेकर कितीतरी जास्त वर्षं होता.

बाहेर पडून ब्रश स्ट्रीटच्या दिशेला वळा. ई-एम-एफची इमारत आता नाही. जून २००५च्या आगीत ती जळाली, शेजारची फोर्डची वाचली. त्या जागी बेघर झालेल्या माजी सैनिकांसाठी घरं बांधली आहेत. लोक तिथे राहतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच काढा, आवारात शिरू नका. समोरच्या बाजूला फिशर बॉडीचा १९१९चा प्रचंड कारखाना आहे. आत जाण्याचा मोह टाळा, बाहेरूनच त्याचा आवाका कळतो.

दुपार उरली तर वुडवर्डवरूनच परत येताना डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये उतरा. दिएगो रिव्हेराची १९३२-३३ची भित्तिचित्रं तिथे आहेत. विषय मोटारींचा कारखानाच आहे. पिकेट बघून आल्यावर त्यांतली यंत्रं आणि माणसं जास्त बोलकी वाटतात.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग इंडियानात साउथ बेंडला, स्टुडबेकर नॅशनल म्युझियममध्ये आहे. डेट्रॉईटहून गाडीने साडेतीन-चार तास लागतात. एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा शिकागोच्या वाटेवर थांबा घ्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन ज्या बग्गीतून त्या शेवटच्या रात्री नाटकाला गेला, ती तिथे आहे. बहुतेक लोक ती बघून निघतात. तुम्ही खालच्या मजल्यावरही उतरा, साठवणीतल्या गाड्या तिथे बघायला मिळतात.