तोरणमाळच्या उतारावर उडालेला तिसरा गिअर

तोरणमाळहून खाली उतरताना, सातपायरीच्या घाटात, गिअरचा दांडा पहिल्यांदा आपोआप मागे आला. गाडी तिसऱ्यात होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरत होतो, तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी न्यूट्रल! पुढे वळण, उजवीकडे दरी. ब्रेक चांगले होते म्हणून आज हे लिहितोय. पायथ्यापर्यंत चुलतभावाने दोन्ही हातांनी दांडा दाबून धरला होता. शहाद्याला चहा घेताना त्याचे तळवे लाल झालेले दिसले.

गाडी १९९८ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर. राहतो चोपड्याकडे. केळीच्या बागेत, नाल्यात, सातपुड्याच्या पायवाटेवर, सगळीकडे हीच गाडी नेतो. दुसरा गिअर टाकताना वर्षभर ‘कर्रर्र’ व्हायचं. त्याकडे मी कानाडोळा केला, आणि त्याचं फळ घाटात मिळालं.

घरी आल्यावर पहिली चूक केली ती घाईची. ‘गिअर उडतो म्हणजे पेटी (गिअरबॉक्स) गेली’ असं ठरवून फोन फिरवायला लागलो. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीने थांबवलं आणि आधी गाडीखाली झोपायला लावलं. जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे वेगळी, तीन रबरी माउंटवर लटकते, आणि मधे एक आखूड शाफ्ट असतो. ती रबरं फाटली की केस हलते, शाफ्ट हिसके देतो आणि गिअर उडू शकतो. माझी दोन रबरं फाटलेलीच निघाली. बदलली. गाडी पुष्कळ शांत झाली, पण तिसरा उडायचा तो उडतच राहिला. तरी हे आधी बघाच. काही जणांचं काम एवढ्यावरच भागतं.

मग आवाजाची परीक्षा केली. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही, तेव्हा घरघर येते का? आणि क्लच दाबला की थांबते का? थांबत असेल तर पुढच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पेटीत आणणाऱ्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट जातं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघा, पेटीला हात लावू नका. दुसरी खूण चालत्या गाडीतली. या पेटीत चौथा गिअर थेट, एकास एक. चौथ्यात ताकद इनपुट शाफ्टमधून सरळ मेन शाफ्टला जाते, खालचा काउंटर शाफ्ट नुसता मोकळा फिरतो. माझी गाडी पहिल्या तीन गिअरमध्ये कण्हायची आणि चौथ्यात गप्प व्हायची. म्हणजे दुखणं खालच्या शाफ्टवर. शेवटी तेल काढलं. पांढऱ्या ताटलीत उन्हात धरलं तर त्यात सोन्याचा वर्ख कालवावा तशी चमक. ही पितळेची भुकटी. सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या, रिंगा झिजून तेलात आलेल्या. चुंबकाला ती चिकटत नाही, म्हणून नुसता चुंबक फिरवून समाधान मानू नका.

तेव्हा ठरलं, जुनी पेटी शोधायची.

अमळनेरमार्गे धुळ्याला निघालो. अमळनेर हे वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली ते गाव. तिथे चार दुकानं फिरलो पण जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल मिळालं नाही. सगळीकडे जीएल-५ पुढे करत होते आणि ‘भारी आहे, तेच घ्या’ म्हणत होते. भारी आहे, पण मागच्या ॲक्सलला. त्यातली जास्तीची रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत, आणि रिंगेला पकड लागते तिथे ते तेल घसरतं. तेलाची जाडी ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, पण दर्जा जीएल-४, एवढं डोक्यात ठेवा. पेटीत साधारण १.३ लिटर जातं. पुढे तेल जळगावला मिळालं.

धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्त्यांच्या फाट्यावरचं गाव, त्यामुळे ट्रकचं सामान मागाल ते. जिप्सीचं मात्र नशिबावर. पहिल्या वखारीत मोठ्या आत्मविश्वासाने ‘किंगचीच आहे’ म्हणून पेटी दाखवली. दांड्याच्या मुठीवर पाच आकडे होते, पण मूठ कुणीही बदलतं. दांडा हलवून घरं मोजली तर चार गिअर आणि रिव्हर्स. ती ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीची निघाली. घर वेगळं, इंजिनाला बसायची भोकं वेगळी. जाताना आपल्या पेटीच्या तोंडाचा पुठ्ठ्यावर ठसा काढून न्या, इनपुट शाफ्टवरचे दात मोजून ठेवा. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

दुसऱ्या ठिकाणी पेटी चकचकीत. चंदेरी रंग दिलेला, जोडावर ताजं सिलिकॉन. ‘चालू कंडिशन, आत बघायचं काम नाही.’ अठरा हजार. जोडावर ताजं सिलिकॉन म्हणजे अलीकडे कुणीतरी ती उघडली होती. का उघडली आणि आतलं काय काढून घेतलं, हे सांगायला विकणारा बांधील नसतो. निघताना वखारीतला एक हमाल हळूच म्हणाला, ‘भाऊ, हाई पेटी कामनी नही शे.’ त्याला चहा पाजला.

दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन मालेगाव गाठलं. जिल्ह्याने नाशिकचं असलं तरी बाजारहाटाला ते आम्हाला आपलंच. तिथल्या एका चाचांनी न मागता पाना पुढे केला. ‘खोल के देखो. नहीं जमी तो दो सौ रुपये खोलाई के, बस.’ मला हवा होता तो माणूस भेटला. तेल काढलं तर कॉफीसारखं, दुधाळ. पाणी शिरलेलं. बेअरिंगवर गंज, एका बाजूला केसचा कान तुटलेला. चुलतभाऊ म्हणाला, चल इथून. पण गिअरचे दात बोटाने चाचपले तर कडा शाबूत होत्या. डॉग टीथ, म्हणजे गिअर टाकताना सरकणारी कडी (स्लीव्ह) जिथे अडकते ते बारीक दात, टोकदार होते. माझ्या तिसऱ्याचे तेच दात गोल झाले असणार, म्हणून तर तो उडत होता. बेअरिंग आणि रिंगा तशाही नव्या घालायच्या, आणि केस माझी धड होती. मग तुटक्या कानाचं मला काय?

इथे माझं मत पक्कं झालं. जुनी पेटी ‘पेटी’ म्हणून घेऊ नका, सुट्या भागांची पेटी म्हणून घ्या. गंजक्या बेअरिंगवाली पण चांगल्या दातांची पेटी, रंगवलेल्या बंद पेटीपेक्षा कधीही बरी. साडेअकरा हजारांना सौदा झाला. बिलावर कोणत्या गाडीतून काढली तिचा नंबर लिहून घेतला. गिअरबॉक्सचा नंबर आरसी बुकात नसतो म्हणून पुष्कळ जण हे टाळतात, पण चोरीच्या मालाचं झेंगट नको असेल तर टाळू नका.

बेअरिंगसाठी जळगाव. डाळ मिल, पाइप, चटईचे कारखाने यांच्यामुळे तिथे बेअरिंगची दुकानं चांगली. गाडीचं नाव सांगून मागू नका, जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचून मागा. ६२ किंवा ६३ने सुरू होणाऱ्या चार आकडी नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतलं भोक किती मिलिमीटर ते कळतं (०४पासून पुढे). शेवटी सी३ (आतली फट जरा जास्त असल्याची खूण) असेल तर नवंही सी३च घ्या. डबा ओळखीचा दिसला तरी बेअरिंग हातात घेऊन त्यावरचं कोरीव काम बघा. पुसट, वाकडी अक्षरं दिसली की परत ठेवा. त्या दिवशी मी दोन परत ठेवली, दुकानदार रुसला.

पेटी बांधली धुळ्याच्या एका मिस्त्रीकडे. वय साठीच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, बोलणं सगळं अहिराणीत. अट एकच, माझ्यासमोर उघडायची. तीन दिवस मी तिथे डब्यावर बसून होतो.

जिप्सीच्या पेटीचं घर ॲल्युमिनियमचं, दोन फाकांचं. या दोन फाका जोडीनेच घडवलेल्या असतात, एक माझी आणि एक मालेगावची असं करायचं नाही. आतली चक्रं तशीच. इनपुट, काउंटर आणि मेन शाफ्टवरचे गिअर एकमेकांशी घासून जुळलेले असतात. एक नवं आणलं आणि त्याचा जोडीदार जुना ठेवला की पेटी जन्मभर रडते. म्हणून मालेगावचा सगळा संच माझ्या घरात बसवला. पाचव्याचा एक दात तिथे टवका उडालेला होता, ती जोडी तेवढी दोन्ही बाजूंनी माझी घेतली.

रिंगेची परीक्षा मिस्त्रीने शिकवली. रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर हाताने दाबून बसवायची आणि रिंग व गिअरचे दात यांच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा. नव्याला एक मिलिमीटरच्या वर फट असते. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग भंगारात. माझ्या दुसऱ्याच्या रिंगेत गेज शिरेचना. स्लीव्ह सरकवणारा फोर्क आणि स्लीव्हची खाच यांच्यातली जागाही बघितली, तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क एका बाजूने खाल्लेला होता. तो मालेगावचा घातला.

बेअरिंग ठोकून बसवताना पाहिलं तर मिस्त्री बदला. आमच्या मिस्त्रीबाबांनी ती तेलात गरम करून शाफ्टवर सरकवली, आणि जिथे दाबावं लागलं तिथे आतल्या कड्यावरच दाब दिला. धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपने भिर्रर्र फिरवायचा मोह मला झाला. हातावर चापट बसली.

घोटाळा तरीही झालाच. फोर्क हलवणाऱ्या शिफ्ट शाफ्टच्या गोळ्या-स्प्रिंगा काढताना मी त्या एका वाटीत टाकल्या. प्रत्येक जागेची वेगळी पुडी करायला हवी होती. बंद करायच्या आधी बाबा म्हणाले, ‘पहिले बठ्ठा (सगळे) गियर टाकी देख.’ टाकले. दुसरा पडला, आणि दुसरा असतानाच चौथाही पडला! दोन गिअर एकदम लागले की शाफ्ट जाम. इंटरलॉकची, म्हणजे दोन गिअर एकदम पडू न देणारी, एक गोळी वाटीच्या तळाशी ग्रीसमध्ये चिकटून राहिली होती. सिलिकॉन वाळल्यावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावर, हे कळलं असतं तर? म्हणून फाका जोडण्याआधी एकेक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, रिव्हर्ससुद्धा.

चढवणं सोपं, पण घाईचं नाही. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा. मधल्या आखूड शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) काढतानाच रंगाची रेघ मारा, म्हणजे ती तशीच परत बसते. क्लच प्लेट मधोमध धरायला माझा जुना इनपुट शाफ्टच कामी आला, वेगळं हत्यार विकत घ्यावं लागलं नाही. पेटी अर्धी आत गेल्यावर तिचं वजन क्लच प्लेटवर लटकत ठेवू नका, प्लेट वाकते. आणि पेटी खाली असतानाच इंजिनाचं मागचं सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग बघून घ्या. हे पन्नास रुपयांचं असो की पाचशेचं, परत पेटी उतरवण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्तच.

खर्च असा: पेटी साडेअकरा, बेअरिंग-रिंगा-सील मिळून पावणेसात, मजुरी साडेतीन हजार. तेल आणि शेवभाजी वेगळी.

परीक्षेला परत तोरणमाळच. दोंडाईच्यामार्गे निघालो तर दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा भरलेली. तापीच्या पुलाआधीच गाड्या, घोडे, माणसं. तासभर पहिल्या-दुसऱ्यात रांगत गेलो. दुसरा लोण्यासारखा पडत होता, तेव्हाच अर्धी चिंता मिटली. एकाने घोड्यावरून खाली बघत विचारलं, गाडी विकायची का. घोड्याशी अदलाबदल करतोस का, असं चुलतभावाने विचारल्यावर तो हसत निघून गेला.

घाटात उतरताना मी मुद्दाम तिसऱ्यात पाय सोडला. चुलतभावाने सवयीने दांड्याकडे हात नेला. दांडा जागचा हलला नाही. सगळ्या वळणांवर नाही.

५०० किलोमीटरनंतर पहिलं तेल काढून टाकलं. नव्या रिंगा बसताना थोडी भुकटी निघतेच, ती आत ठेवू नका. ड्रेन प्लगवर काळी बारीक लव होती, ताटलीत चमक जेमतेम. पाचवा ऐंशीच्या पुढे किंचित गुणगुणतो, तेवढं चालवून घेतोय. माझ्या जुन्या पेटीतला पहिल्या-दुसऱ्याचा हब आणि स्लीव्ह चांगली आहे, गोठ्यात पोत्यात बांधून ठेवली आहे. चोपड्याकडच्या कुणा किंगवाल्याला लागली तर घेऊन जावी.