तुम्ही विचारलंत म्हणून: मध्ययुगात माणसाला मान होता का?

तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच: युरोपच्या मध्ययुगात माणसाला, केवळ माणूस म्हणून, काही मान होता का? 'नव्हता' म्हणणारे लोतारिओ दे सेन्यी यांचं ११९५चं पुस्तक पुढे करतात. माणसाच्या हीनदीनपणाचं त्यात पानोपानी वर्णन आहे. पण त्याच्या प्रस्तावनेत 'माणसाच्या थोरवीवरही लिहीन' असा शब्द त्यांनी दिला होता. ११९८मध्ये ते पोप तिसरे इनोसंट झाले आणि ते लिहायचं राहून गेलं.

माझं उत्तर मात्र एका शब्दापासून सुरू होतं. लॅटिन 'दिग्नितास' म्हणजे पद, हुद्दा. आपल्या 'माना'सारखाच. मानकरी, मानाची पालखी, मानपान. चारचौघांतून कुणाला तरी वेगळं काढल्याशिवाय हा शब्द हलत नाही. मग तो सगळ्यांना द्यायचा कसा?

तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी ही गाठ ज्या तऱ्हेने सोडवली, ती मला फार प्रिय आहे. ते सांगतात, 'पर्सोना' (व्यक्ती या अर्थाचा लॅटिन शब्द) हा मुळात नाटकातला. नाटकात नामवंतांची सोंगं असत, म्हणून तो पुढे चर्चमधल्या मोठ्या पदांवरच्या लोकांना लागला. पण विवेकशील असणं हाच मुळात मोठा मान. तेव्हा विवेकशील स्वभावाची प्रत्येक व्यक्ती 'पर्सोना'. हुद्देदारांचा शब्द त्यांनी गुलामापर्यंत पोचेल असा करून ठेवला.

आणि हे ज्यात येतं त्या 'सुम्मा थिओलॉजिए' या त्यांच्या ग्रंथातच पुढे ते लिहितात की पाप करणारा विवेकापासून ढळतो, मानवी प्रतिष्ठेतून घसरतो, पशूच्या पातळीला येतो. त्याला मारणं योग्य ठरू शकतं. पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं. दिलेला मान वागणुकीवरून काढून घेता येत असेल, तर तो पुन्हा हुद्दाच झाला. इथे मला अक्वायनस पटत नाहीत, आणि वर्गात मी तसं स्पष्ट सांगते.

पण पुस्तक मिटू नका, हेही सांगते. त्याच प्रकरणात, निरपराधाला मारता येईल का या चर्चेत, त्यांचं आणखी एक वाक्य आहे: प्रत्येकात, पाप्यातसुद्धा, देवाने घडवलेल्या मनुष्यस्वभावावर आपण प्रेम केलं पाहिजे, आणि मारल्याने नष्ट होतो तो तोच.