नाट लावू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर सप्टेंबरात मी या विषयावर तोंड उघडत नाही. मंडळाच्या गणपतीत आरती होऊन प्रसादाची रांग लागली की कोणीतरी विचारतंच, "काय मग, यंदा मॅरिनर्स प्लेऑफला जाणार का?" मॅरिनर्स ही आमच्या गावची बेसबॉल टीम, प्लेऑफ ही सीझननंतरची बाद फेरी. सिअ‍ॅटलमध्ये राहून बेसबॉलचं वेड लागलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे नव्या सुनेला "गोड बातमी कधी?" विचारण्यासारखं आहे.

हिशेब सोपा आहे. सीझनचे 162 गेम. अमेरिकन लीगच्या 15 टीमपैकी 6 पुढे जातात, 3 आपापली डिव्हिजन, म्हणजे 5 टीमचा गट, जिंकून आणि 3 वाइल्ड कार्डवर, म्हणजे उरलेल्यांत सर्वांत जास्त विजय मिळवून. डिव्हिजनमध्ये आपण पहिले असलो तर 163 मधून आपले विजय आणि दुसऱ्या नंबरवाल्यांचे पराभव वजा करायचे, की आला मॅजिक नंबर, म्हणजे डिव्हिजन पक्की व्हायला अजून किती पावलं बाकी ते. आपले विजय 86, त्यांचे पराभव 70, तर 7. आपण जिंकलो की एकाने उतरतो, ते हरले तरी उतरतो. शून्य झालं की सुटलो.

नवरा असले आकडे फ्रिजवर लिहून ठेवायचा. 2023 साली मी ते पुसायला लावले, पण उशीर झाला होता. आम्ही 88 जिंकलो, शेवटच्या वाइल्ड कार्डवाल्यांनी 89. पुढच्या वर्षी फ्रिज कोरा ठेवला, तर आमचे 85 आणि त्यांचे 86! एका गेमने हुकलं म्हणजे एप्रिलच्या थंडीत हरलेला कुठलाही गेम, जो आपण धड बघितलाही नव्हता. मग माणूस कारण कशात शोधणार? फ्रिजवर, सोफ्यावर, स्वतःच्या हातात.

माझ्या हातात साबुदाणा होता. 30 सप्टेंबर 2022, नवरात्रातला शुक्रवार. 2001 साली 116 गेम जिंकूनही प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजकडून हरलो होतो आणि तेव्हापासून प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या रात्री ओकलंडशी 1-1, नववी म्हणजे शेवटची इनिंग, आमचे तिघांपैकी दोन आउट. मला बघवेना, म्हणून ओट्याशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा साबुदाणा धुवायला घेतला. 3 बॉल, 2 स्ट्राइक, म्हणजे अजून एक स्ट्राइक की आउट. हात भांड्यात तसेच, आणि बाहेरून नवऱ्याची आरोळी. आमच्या कॅल रॅलीने होम रन मारला होता, गेम जिंकलो आणि प्लेऑफ पक्की. लोक देव पाण्यात ठेवतात, माझा साबुदाणा पाण्यात होता.

तेव्हापासून नववी इनिंग लागली की मी साबुदाणा भिजवते. मुलं खिचडीचं नाव काढलं की पळतात, फ्रीझरमध्ये वड्यांचे तीन डबे आहेत. हसा खुशाल. त्याच ऑक्टोबरात टोरंटोविरुद्ध 8-1 ने मागे असताना आमच्या लोकांनी पायातले बूट काढून डोक्यावर धरले होते. पायीची वहाण पायीच बरी, असं ऐकत वाढलेली मी डोळे मिटून बसले. जिंकलो 10-9! 2025 च्या सप्टेंबरात तर एका चाहत्याने एट्सी या ऑनलाइन बाजारावर पैसे मोजून चेटकिणीकडून मंत्र टाकून घेतला आणि टीम लागोपाठ 10 गेम जिंकली. आमच्या लिंबू-मिरचीला उगाच नावं ठेवतात.

त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला टोरंटोत अमेरिकन लीगच्या फायनलचा सातवा, शेवटचा गेम. जिंकलो असतो तर आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. 3-1 ने पुढे होतो. सातव्या इनिंगलाच मी वाटीने साबुदाणा मोजून घेतला, भांड्यात टाकणार तोच बेल वाजली. दिवाळीचे दिवस. शेजारच्या वहिनी चकलीचा डबा घेऊन दारात. "या ना, आत या," म्हणेपर्यंत मागून नवऱ्याचा आवाजच बंद झाला. त्यांचे दोघं बेसवर, टोरंटोच्या स्प्रिंगरचा होम रन, एका फटक्यात तीन रन, 4-3. नंतर आम्हाला एकही रन काढता आला नाही. चकल्या छान होत्या. वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही.

पिचर थकला होता, आधीच बदलायला हवा होता, असं नवरा म्हणतो. असेल.

तर यंदाचं. आकडा मला पाठ आहे, पण लिहिणार नाही, आणि तुम्हीही कमेंटमध्ये टाकू नका. साबुदाणा दोन किलो आणलाय, तो काय, स्वस्त मिळाला म्हणून. दाराची बेल काढून ठेवली आहे, ऑक्टोबर संपेपर्यंत. बिघडली आहे हो, दुसरं काही नाही.