कुत्रा, मुलं, आजी आणि नाशिकची मोकळी जागा : माझा अनुभव

नाशिकमध्ये कुत्र्याला घेऊन सहकुटुंब फिरायला जायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, "कुठल्या बागेत?" मी आधी घड्याळ बघते. वेळ कोणती, पायाखाली काय आहे आणि त्या वेळी तिथे गर्दी किती, हे जमलं की साधा माळही पुरतो. हे चुकलं तर शहरातली सगळ्यात सुंदर बागही अर्ध्या तासात सोडावी लागते.

बागांचं खरं सांगायचं तर झोपाळे-घसरगुंड्या असलेल्या उद्यानांच्या फाटकावर बहुतेक वेळा कुत्र्यांना मनाईची पाटी असते. वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, आणि माझ्या मते मुलांच्या खेळायच्या जागेपुरती ती पाटी बरोबरच आहे. जंत झालेल्या कुत्र्याच्या शीतून गोलकृमींची अंडी मातीत पडतात. दोन ते चार आठवड्यांत ती संसर्ग करण्याजोगी होतात आणि पुढे कित्येक महिने मातीत टिकतात. वाळूत खेळणारं मूल तोच हात तोंडात घालतं. म्हणून मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं, आणि तरीही त्याला वाळूच्या खड्ड्यापासून लांब ठेवायचं. अशा बागेत जायचं असेल तर आम्ही दोन तुकड्या करतो. एक जण मुलांबरोबर आत, दुसरा कुत्र्याबरोबर बाहेरच्या रस्त्याला, आणि नंतर सगळे एकत्र.

सगळ्यांना एकत्रच राहायचं असेल तर गोदापार्कचा नदीकाठ किंवा शहराबाहेरचे मोकळे माळ बरे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते. तिथे आत जाण्याआधी पाटी वाचावी, विचारावं, आणि नाही म्हटलं तर बाहेरून चालावं. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, कुत्रा घेऊन वर जायचा विचार करू नये. नांदूर मध्यमेश्वरला कुत्रा अजिबात नको. ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. कुत्रा भुंकला नाही तरी त्याच्या नुसत्या वासाने आणि वावराने काठावरचे पक्षी उठतात.

कागदपत्रांचं काम थोडकं आहे. महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक आणि दोन्हींचे फोटो मोबाईलमध्ये. पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. सोसायटीच्या बागेवरून कुरबुर झाली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं सेक्रेटरींसमोर ठेवावीत. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, वेळा मात्र आपसात ठरवता येतात. आम्ही वेळा मागून घेतल्या, भांडणापेक्षा ते लवकर झालं. दुसरी बाजूही माहीत असावी. आपल्या निष्काळजीपणामुळे कुणाला इजा होण्याची वेळ आली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पिल्लू असेल तर सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन आठवडे होईपर्यंत सार्वजनिक मातीवर पाय नको, कारण पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जगतो. पण तोवर घरात कोंडूनही ठेवायचं नाही. पहिले तीन-साडेतीन महिने जग ओळखण्याचे असतात. पिल्लाला झोळीत किंवा कडेवर घेऊन रिक्षा, घंटागाडी, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं लांबून दाखवावं.

खरी मेहनत मैदानावर जाण्याआधीची आहे, आणि तीच बहुतेक जण टाळतात. चार गोष्टी पक्क्या हव्यात : नाव घेतल्यावर आपल्याकडे बघणं, "थांब", "सोड" आणि दोरी न ताणता चालणं. शिकवण्याचा क्रम असा : आधी हॉल, मग पार्किंग, मग रात्री उशिराची सामसूम गल्ली, मग रिकामं मैदान, आणि सगळ्यात शेवटी माणसं असलेलं मैदान. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी, नाहीतर मागची. उकडलेलं चिकन किंवा पनीर वाटाण्याएवढं कापायचं आणि तेवढं त्याच्या रात्रीच्या जेवणातून कमी करायचं. तुकडा मोठा असेल तर कुत्रा चघळत बसतो आणि आपल्याला विसरतो. एक सराव दहा मिनिटांचा. त्यानंतर तो हुंगत फिरला तरी चालेल. हुंगणं हाच त्याचा अर्धा व्यायाम असतो.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांजवळ नेताना वीस-पंचवीस मीटरवरून सुरुवात करावी. कुत्रा खाऊ घेत असेल तर अंतर ठीक आहे. एरवी आवडीने खाणारा कुत्रा तिथे तुकड्याकडे ढुंकूनही बघत नसेल तर तो हट्टी झालेला नसतो, आपण फार जवळ आलेलो असतो. दहा पावलं मागे यावं. इथे लोक "बस, बस, बस" म्हणत राहतात आणि दोरी खेचतात. खेचली की कुत्रा उलट जोर लावतो, आणि तीनदा म्हटलेला "बस" त्याच्या लेखी पहिल्या दोन वेळा नसतोच.

दोरी पाच-सहा फुटांची, रुंद आणि हाताला न कापणारी. हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. तीन गेली तर कुत्रा मागे सरकून त्यातून निसटतो. बटण दाबलं की लांबणाऱ्या, आत गुंडाळल्या जाणाऱ्या लीश मुलांमध्ये नकोतच. ती बारीक दोरी वेगाने पळताना पोटरी कापते आणि हातातला डबा सुटला की कुत्र्याच्या मागे खडखडत जाऊन त्याला आणखी पळवतो. मोकळ्या माळावर आठ-दहा मीटरची लांब दोरी छान, पण ती नेहमी हार्नेसला, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. धावत्या कुत्र्याला शेवटी बसणारा झटका थेट मानेला बसतो. मुलांना "मलाही धरायचंय" हवंच असतं. त्यासाठी हार्नेसला दुसरी हलकी दोरी लावावी. मूल ती धरतं, खरी दोरी मोठ्या माणसाच्या हातात. कुणीही दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, आजींनी तर नाहीच.

आता ऊन. मार्च ते मे आम्ही सकाळी साडेसातच्या आत घरी परततो. पारा पंचवीस अंशांवर असला तरी उन्हातलं डांबर पन्नासच्या पुढे जातं, आणि पेव्हर ब्लॉक व सिंथेटिक ट्रॅकही तापतात. हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीला लावून धरवली नाही तर पंजाही टेकवायचा नाही. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून फसू नका, डांबर उष्णता धरून ठेवतं. माती आणि गवत आधी निवतात. पग आणि शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग गार करणं जड जातं, त्यांचा फेरफटका निम्मा करावा. पाणी दिवसाला किलोमागे पन्नास ते साठ मिली, म्हणजे पंचवीस किलोच्या लॅब्रॅडोरला सव्वा ते दीड लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तासाभराच्या फेरीला एक लिटरची बाटली आणि पसरट वाटी बरोबर असावी. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल अडखळती दिसली की सावलीत न्यावं, पोटावर आणि पायांवर नळाचं साधं पाणी ओतत वारा घालावा आणि तसंच दवाखान्यात न्यावं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

डबा उघडला की आजी लाडाने काहीतरी पुढे करतात. जानेवारी ते एप्रिल नाशिककरांच्या पिशवीत द्राक्षं असणारच, आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती खाल्ली म्हणजे सुरक्षित, असा आकडा नाही. एक कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा चार-पाचांनी आजारी पडतो. खाल्ली असं कळलं की लक्षणांची वाट न बघता निघायचं, पहिल्या दोन तासांत डॉक्टरांना उलटी काढता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, मिठाचीच विषबाधा होते. चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण, मिसळीवरचा कच्चा कांदा आणि शुगर-फ्री च्युइंगगमही नको. आजींना नुसतं "देऊ नका" म्हटलं तर त्या लपून देतात. त्यांच्या हातात गाजराचे तुकडे असलेला वेगळा डबा द्यावा, म्हणजे त्यांचा लाडही होतो.

मुलांसाठी नियम कमी आणि ठरलेले असावेत. अनोळखी कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या मालकाला विचारायचं, डोक्यावरून नाही तर बाजूने छातीजवळ खाजवायचं, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात नाही. कुत्रा अंगावर धावून आला तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि जमिनीकडे बघायचं. हे घरात खेळ म्हणून आधीच घोटून घ्यावं.

गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. कानाला खाच असलेला कुत्रा नसबंदी झालेला, सहसा शांत. टोळी समोर आली तर दोरी ताणू नका, ताणलेली दोरी आपल्या कुत्र्याला भांडणाची सूचना देते. आपण मध्ये उभं राहून मोठा वळसा घ्यावा. जवळ आलेच तर पटकन उघडलेली छत्री काठीपेक्षा उपयोगी पडते. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. हळद-चुना काही लावू नये.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की नदीकाठ बाद. नाशिककर ज्यावरून गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीला किती पाणी लागलं हे बघायला कुत्र्याला नेण्यात शहाणपण नाही. सोमेश्वर धबधब्याचा ओला कातळ माणसाला घसरवतो तसा कुत्र्यालाही. आणि पाणवेलीचा हिरवा थर त्याला जमीन वाटतो, तो थेट उडी घेतो.

सूर्यास्तानंतर मळ्यांच्या, उसाच्या किंवा द्राक्षबागांच्या कडेने चालणं पूर्ण बंद. मखमलाबाद, गिरणारे, देवळाली या बाजूंना बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य. जानेवारी २०१९ मध्ये बिबट्या भरवस्तीत, सावरकरनगरात आला होता. दिसला तर वाकायचं नाही, पाठ करून पळायचं नाही, लहान मुलाला उचलून मोठ्याने बोलत मागे सरकायचं आणि वनविभागाला १९२६ वर कळवायचं.

शीसाठी वर्तमानपत्र सगळ्यात सोपं. कुत्रा बसायच्या तयारीत गोल फिरू लागला की कागद खाली सरकवायचा, घरी येऊन मैला संडासात आणि कागद सुक्या कचऱ्यात न टाकता सॅनिटरी कचऱ्यासोबत वेगळा. कुंड्यांच्या कंपोस्टमध्ये टाकू नये, घरगुती खत जंतांची अंडी मारण्याइतकं तापत नाही.

घरी आल्यावर दाराशीच दहा मिनिटं द्यावीत. बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, काखा, शेपटीखाली हात फिरवून बघायचं. पावसाळ्यात आणि नंतर गोचीड, ऑक्टोबरपासून वाळलेल्या गवताची कुसळं. कुसळ एकाच दिशेने आत सरकतं. कुत्रा अचानक डोकं झटकू लागला किंवा एकच पंजा चाटत बसला तर ते शोधावं, कानात खोल गेलेलं मात्र स्वतः काढू नये. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, पिळणं काही नाही, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. घरात एक सापडली तर भिंतीच्या फटी आणि कुत्र्याची गादीही तपासावी, ही जात घरातच अंडी घालते. गोचिडीतून रक्ताचे आजार होतात, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे भूक, हिरड्यांचा रंग आणि लघवीचा रंग यांवर नजर ठेवायची. हिरड्या फिकट, लघवी चहाच्या रंगाची किंवा ताप असेल तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना गोचीड निघाल्याची तारीख सांगावी.